तीन मीटर

बुधवारी मेडिकलच्या जुन्या ओपीडीत
वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घरघरत असतो
आणि फरशीवर पिवळी पट्टी चिकटवलेली असते,
खुर्चीपासून बरोबर तीन मीटरवर.
उठायचं, चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं.
बारा सेकंदांच्या वर गेलं की पडण्याचा धोका.
एवढं आम्हाला पाठ होतं.

पण ढवंगाळे मॅडमनी आधी आम्हालाच म्हातारं केलं.
बुटांत तुरीचे दाणे, कानांत कापूस,
चष्म्याच्या काचांवर व्हॅसलीन,
बोटांना चिकटपट्टी.
जा म्हणाल्या,
चार नंबरच्या खिडकीवरून केसपेपर काढून आणा.

उईके पायरीवर अडखळला.
माझ्या बोटांना पाचाचं नाणं दहाचं वाटलं.
मागून कोणीतरी ढोसलं, 'सरका ना लवकर.'
खिडकीतल्या बाबूचे ओठ हलले,
मी नुसती हसून मान डोलावली
आणि तो चिडला, कारण त्यानं माझं नाव विचारलं होतं.

नंतर दाणे झटकले.
टाचेवरचे वळ मात्र
संध्याकाळच्या मेसपर्यंत सोबत आले.

मग आले यादोराव हेडाऊ, वय एक्याऐंशी,
गोळीबार चौकाकडून, सुनेच्या स्कूटीवर मागे बसून,
एप्रिलच्या उन्हात डोक्याला ओला दुपट्टा.
मॅडमनी त्यांची कापडी पिशवी टेबलावर उलटी केली.
पट्ट्याच पट्ट्या, काही अर्ध्या कापलेल्या,
एक रबरबँडनं बांधलेली, नाव पुसलेलं.
'ही कशाची, बाबा?'
'झोपेची. इतवारीच्या डॉक्टरनं देल्ली.'
'आणि ही?'
'हेई झोपेचीच. हा डॉक्टर दुसरा हाय ना.'
उईके हसला.
मॅडम हसल्या नाहीत, म्हणून तोही थांबला.

स्टॉपवॉच माझ्या हातात.
यादोराव खुर्चीच्या दांड्या धरून उठले,
एकदा डुलले, निघाले.
नवव्या सेकंदाला पट्टीपाशी पोचले
आणि थांबले.
'वळा बाबा,' मी ओरडले. 'बाबा, वळा!'
ते वळले नाहीत.
शेजारच्या कॉटचा हिरवा पडदा चिमटीत धरून
अंगठ्यानं चोळत उभे राहिले,
डोळे जवळजवळ मिटलेले.
'सूत पातळ हाय,' कोणालाच न सांगता म्हणाले.
'आमच्या मागावर असं निघालं असतं
तर मालकानं तोंडावर फेकलं असतं.'
मग माझ्याकडे बघून,
'तुमी काई बोलल्या का?'

चौतीस सेकंद.
मी लिहिलं: धोका जास्त. सूचना पाळत नाहीत.
आकलनापुढे प्रश्नचिन्ह.

मॅडमनी माझा कागद वाचला, काही बोलल्या नाहीत.
दुर्बीण घेऊन त्यांच्या कानात बघितलं,
मग मला बघायला लावलं.
मळ, काळा, घट्ट, दोन्हीकडे.
त्यांच्या समोर स्टूल ओढून बसल्या,
तोंडासमोर तोंड,
आवाज न चढवता विचारलं,
'काय विणायचे तुम्ही?'
'लुगडे. नऊवारी. बाराव्या वर्षापासून.'
आणि पंधरा मिनिटं, भरल्या ओपीडीत,
काठ कसा धरतात ते ऐकत राहिल्या.
बाहेर रांग कुरकुरत होती.

धोका खोटा नव्हता. डावा गुडघा कामातून गेलेला,
उभं राहिल्यावर रक्तदाब वीसनं खाली.
झोपेची एक गोळी त्या दिवशी कमी केली,
दुसरी हळूहळू काढायची ठरली.
प्रिस्क्रिप्शन इतकं छोटं झालं
की सुनेनं दोनदा विचारलं, 'बस, एवढंच?'

मी प्रश्नचिन्ह खोडलं.
पडद्याचं कुठे लिहावं कळेना,
तशा गोष्टीला फॉर्मवर रकाना नाही.
समासात लिहिलं, बारीक अक्षरात.

दोन वाजता ओपीडी रिकामी झाली, कूलर बंद झाला.
मी त्याच खुर्चीत बसले, घड्याळ लावलं,
उठले, चालले, वळले, येऊन बसले.
सात सेकंद.
वाटेत मला काहीच दिसलं नाही.